मोठं कोण? आधी मोजमाप सांगा

मंडळी, ‘कमल’ हा शब्द मोठा की ‘राजा’? अक्षरं मोजली तर कमल मोठा; त्यात ३ अक्षरं, राजात २. मात्रा मोजल्या तर राजा मोठा. त्याच्या ४, कमलच्या ३. कवीला याचं नवल नाही. वृत्त कोणतं, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं.

माझा भाचा संगणकावर आकडेमोडीचं काम करतो. एकदा वैतागून म्हणाला, “मामू, आकडे तेच, पण मॅटलॅब सांगतं ४ आणि पायथनमधलं नमपाय सांगतं ५. खरं कोणाचं?” मी साधा बी. ए.; पण प्रश्न ओळखीचा वाटला.

ओळी-रकान्यांत मांडलेल्या आकड्यांना मॅट्रिक्स म्हणतात. भाच्याच्या मॅट्रिक्समध्ये पहिल्या ओळीत ३ आणि ०, दुसरीत ० आणि ४ होते. एखाद्या चित्राला ते लावलं, तर चित्र आडवं तिप्पट आणि उभं चौपट ताणलं जातं. मॅट्रिक्सचं मोठेपण एकाच आकड्यात सांगायचं, तर त्याला म्हणतात नॉर्म.

आपण काही सांगितलं नाही, तर मॅटलॅब जास्तीत जास्त ताण मोजतं : ४. नमपाय सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतं : ९ अधिक १६, म्हणजे २५, उत्तर ५. हा जर्मन गणिती फ्रोबेनिअस यांच्या नावाचा नॉर्म. दोन्ही उत्तरं खरीच.

मग निवड वेगळी का? चूक फार तर किती पट फुगेल, हे ताणावरून कळतं. पण तो शोधणं महाग. मॅट्रिक्सची बाजू दुप्पट झाली, की फ्रोबेनिअसचं काम चौपट होतं, ताणाचं साधारण आठपट. ज्युलिया या संगणकभाषेनं तर २०१८ मध्ये पक्षच बदलला. आधी तिथं नॉर्म म्हणजे ताण होता. तो फ्रोबेनिअस झाला आणि ताणाला ‘ऑपनॉर्म’ हे वेगळं नाव मिळालं.

यात धोका आहे. ‘चूक साडेचारच्या खाली आली की थांब’ अशी सूचना असेल, तर याच आकड्यांवर एक संगणक थांबेल, दुसरा चालतच राहील. आणि दोघंही आपल्याला सावध करणार नाहीत. आपण गप्प राहिलो, म्हणजे निवड टळली असं नव्हे. ती दुसऱ्या कुणी तरी आधीच करून ठेवलेली असते.

भाच्याला म्हटलं, “बाबा, वृत्ताचं नाव लिहीत जा.” त्यानं दोन्हीकडे ताणाचाच नॉर्म, नाव घेऊन मागितला. दोन्हीकडे ४ आले.