सर्चू ते पांग : एका चढाचा हिशेब

मनालीहून लेहला जाणारी वाट सुमारे पावणेपाचशे किलोमीटरांची आहे. सायकलने ती आठ-दहा दिवसांत पुरी होते. या प्रवासात शरीराची आणि विवेकाची खरी परीक्षा पाहणारा दिवस म्हणजे सर्चू ते पांग या पाऊणशे किलोमीटरांहून थोड्या अधिक टप्प्याचा.

सर्चूचे पठार सुमारे 4,300 मीटर उंचीवर आहे. सकाळी तेथून निघालेल्या सायकलस्वाराला प्रारंभी रस्ता अनुकूलच वाटतो. त्सारप नदीच्या सोबतीने तो हलकेच उतरत जातो. मग गाटा नावाची 21 वळणे समोर उभी राहतात. ती संपली की नकी ला, नंतर थोडा उतार, आणि पुन्हा चढ, तो थेट सुमारे 5,060 मीटरांवरील लाचुलुंग ला या खिंडीपर्यंत. ‘ला’ म्हणजे खिंड. दिवसभराचा एकूण चढ हजार मीटरांच्या आसपास भरतो.

आता हा चढ म्हणजे नेमके किती काम, हे पाहू. स्वार, सायकल व सामान मिळून 100 किलो वजन धरले, तर ते हजार मीटर वर नेण्यास सुमारे 235 किलोकॅलरी लागतात. शरीर आपल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा अशा कामी लावू शकते. उरलेली उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणजे केवळ चढासाठी हजारभर किलोकॅलरी खर्ची पडतात. हा आकडा काही भयंकर नव्हे. माणूस घाईने चढो वा सावकाश, वजन उचलण्याचे काम तेवढेच राहते. बदलतो तो कामाचा वेग. आणि या उंचीवर नेमका वेगावरच निसर्गाने निर्बंध घातलेला आहे.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, असा एक समज आहे. प्रमाण सर्वत्र तेच, शेकडा 21 च्या आसपास, असते. घटतो तो हवेचा दाब. लाचुलुंग ला येथे तो समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू तितकाच तोकडा पडतो, आणि शरीराची काम करण्याची कमाल शक्ती एक-तृतीयांशाच्या आसपास कमी होते. मैदानावर सहज वाटणारी गती येथे धाप लावते.

म्हणूनच अशा सायकलीला लहान दातेरी चक्रे बसवलेली असतात. पुढे 24 दाते व मागे 34 असले, तर पायटा एकदा फिरवल्यावर सायकल दीड मीटरच पुढे सरकते. साध्या शहरी सायकलीवर तेच अंतर पाच मीटरांच्या आसपास असते. अंतर घटते तसा पायावरचा भारही घटतो. जाणता स्वार पहाटे निघतो, कारण दुपारनंतर वारा उठतो आणि बर्फ वितळून रस्त्यावरचे ओढे फुगतात. तो थोडे थोडे खातो, तहान नसतानाही पाणी पितो. कारण कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातील पाणी बाहेर पडत असते.

तथापि या टप्प्याचा खरा धोका थकव्यात नाही. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही उंचीच्या विकाराची पहिली लक्षणे होत. चालताना तोल जाऊ लागला किंवा स्वस्थ बसूनही दम लागला, तर प्राणावरच बेतले असे समजावे. त्यावरचा मुख्य उपाय विनाविलंब खाली उतरणे हाच. परंतु सर्चूहून खाली जावे कसे? मागे सुमारे 4,890 मीटरांची बारालाचा ला आहे, पुढे लाचुलुंग ला. ती ओलांडून गाठलेले पांगही सर्चूहून उंच, सुमारे 4,600 मीटरांवर. आणि त्यापुढे टांगलांग ला याहूनही उंच. उतरण्यासाठी आधी चढावे लागते, अशी ही विलक्षण कोंडी आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय गाटाच्या वळणांवर घ्यायचा नसून, सकाळी सायकलवर बसण्यापूर्वी सर्चूच्या तंबूतच घ्यायचा असतो. रात्री डोके दुखले असेल, तर तो दिवस तेथेच विश्रांतीत घालवावा. दुखणे वाढले, तर अभिमान बाजूला ठेवून मिळेल त्या वाहनाने बारालाचा ओलांडून मागे दारचाकडे उतरावे. एक खिंड पार केली की तेथे उंची हजार मीटरांनी कमी होते. पुढच्या वाटेवर इतका उतार लवकर मिळत नाही.

सायकलची मंद गती हा तिचा दोष मानला जातो. या मार्गावर तोच गुण ठरतो. मोटारीतला प्रवासी एका दिवसात हजार मीटर वर येऊन निजतो, आणि रात्री त्याचे शरीर तक्रार करते. सायकलस्वाराला मुक्कामाची उंची बेताने वाढवता येते, आणि रक्ताला नव्या हवेशी जुळवून घेण्यास अवसर मिळतो. मात्र ही सवलत सावकाश जाणाऱ्यालाच आहे. लाचुलुंग ला वर पोहोचलेला स्वार बहुधा बलवान असतोच असे नाही. आपला श्वास ओळखून त्याच्या बेताने चालणारा मात्र तो नक्कीच असतो.