चिप्प अर्थात नखुरडे : नखाआधी रुग्ण पाहावा

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील १३ व्या अध्यायात ४४ क्षुद्ररोगांचे वर्णन आले आहे. चिप्प, कुनख आणि अलस हे त्यांतीलच. 'क्षुद्र' या शब्दामुळे व्यवहारात त्यांच्याकडे काहीसे दुर्लक्ष होते. तथापि गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी परिसरात रुग्णसेवा करताना आमचा अनुभव असा, की पावसाळ्यात पायाचा दुखरा अंगठा दाखवावयास येणाऱ्यांत एखादा तरी असा निघतो, की ज्याचा मूळ व्याधी नखात नसतो. त्याची ओळख पहिल्याच भेटीत पटावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हेतू व लक्षणे

आषाढ-श्रावणात रोपलावणीसाठी शेतकरी स्त्री-पुरुष दिवसचे दिवस अनवाणी चिखलात उभे असतात. बोटांच्या बेचक्या भिजून पांढऱ्या पडतात, खाज व आग सुरू होते. लोक यास चिखल्या म्हणतात. दूषित चिखलाच्या स्पर्शाने होणारा, ग्रंथोक्त 'अलस' तो हाच. अशा मऊ झालेल्या त्वचेत नखाची कड सहज रुतते व जंतूंना वाट मिळते. दुसरा वर्ग सैन्य व पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचा. घट्ट बूट, घाम, रोजचे धावणे आणि नखाचे कोपरे गोलाकार व खोल कापण्याची सवय यांमुळे त्यांचे नख मांसात शिरते.

वात व पित्त नखमांसाचा आश्रय करून वेदना, दाह आणि पाक उत्पन्न करतात, तो चिप्प. आघातानंतर नख रूक्ष, काळे व खरखरीत होते, तो कुनख. मात्र कोणताही मार न लागता नखाखाली काळा पट्टा उमटून तो रुंदावत असेल, तर त्यास कुनख समजून लेप देत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

नखाआधी काय पाहावे

प्रथम, मधुमेह आहे का? रसायनींच्या दौर्बल्यामुळे प्रमेही रुग्णाचे दोष वर चढत नाहीत, म्हणून मधुमेहींच्या पिडका शरीराच्या अधोभागी उत्पन्न होतात, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १२ व्या अध्यायात सांगितले आहे. पायाची संवेदना व रक्तपुरवठा तपासणारे आजचे शास्त्रही पायाकडेच बोट दाखविते. चाळिशीपुढील प्रत्येक नखुरड्याच्या रुग्णाची रक्तशर्करा तपासावी. 'दुखत नाही, पण पू येतो' असे रुग्ण म्हणाला, तर समाधान मानू नये. तेथे संवेदनाच हरपलेली असू शकते.

दुसरे, रक्तप्रवाह. पावलाच्या पाठीवरील व आतील घोट्यामागील धमनीचे स्पंदन बोटांनी पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. निपाणीचा तंबाखूचा पट्टा आपल्या शेजारीच आहे. विडी ओढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. विडी ओढणाऱ्या तरुणाचा अंगठा थंड व काळसर असेल, रात्री पाय खाली सोडल्यावर त्यास बरे वाटत असेल, तर धमनीरोधाची शंका घ्यावी. अशा अंगठ्याचे नख काढल्यास जखम भरत नाही, उलट कोथ पसरतो.

चिकित्सा

वरील दोन्ही शंका फिटल्यावरच नखाकडे वळावे. चिप्पासाठी चिकित्सास्थानाच्या २० व्या अध्यायात उष्णोदकाने सेक, उत्कर्तन व स्रावण, चक्रतैलाचा अभ्यंग, सर्जचूर्णाचे अवचूर्णन आणि बंध असा क्रम दिला आहे. याने साध्य न झाल्यास अग्निकर्म आणि शेवटी मधुर द्रव्यांनी सिद्ध तेलाने रोपण. नुसती लाली व वेदना असता कोमट त्रिफळा क्वाथात १५ मिनिटे, दिवसातून २ ते ३ वेळा पाय बुडवावा, पाय पूर्ण कोरडा करावा, नखाच्या कडेखाली निर्जंतुक कापसाची बारीक वात सरकवावी व जात्यादि तेल लावावे. वैद्याने प्रकृती पाहून त्रिफळा गुग्गुळ किंवा गंधक रसायन योजावे. पू साचला असल्यास तो काढून देणे हीच चिकित्सा. केवळ गोळ्यांनी तो जिरत नाही. चिखलातील जखम असल्याने धनुर्वाताच्या लसीची विचारपूस विसरू नये.

मधुमेही रुग्णात मात्र हा क्रम जसाच्या तसा लावता येत नाही. अग्निकर्म कोणास करू नये, या यादीत अस्वेद्य रुग्ण आहेत आणि अस्वेद्यांत मेहीची गणना आहे. म्हणजे ही सावधगिरी ग्रंथकारांचीच आहे. आपल्याकडे घरोघरी बिब्ब्याचा चटका देतात, गूळ-चुना लावतात, कढत पाण्यात पाय बुडवितात. बधिर पायास याने नवीन व्रण होतो आणि तो रुग्णास कळतही नाही.

पुढे केव्हा पाठवावे

लाली अंगठ्याच्या मुळापुढे सरकणे, ताप, दुर्गंधी, काळेपणा, शलाका हाडास टेकणे, स्पंदन न लागणे आणि मधुमेह्याच्या पायातील कोणताही पू ही लक्षणे दिसताच वेळ न दवडता गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय किंवा कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठण्यास सांगावे. चिठ्ठीत रक्तशर्करा व स्पंदनाची नोंद करावी. वारंवार रुतणाऱ्या नखासाठी नखाची कड काढून तिचे मूळ फिनॉलने जाळण्याची लहान शस्त्रक्रिया प्रचलित आहे. तिचा सल्ला देण्यात वैद्यास कमीपणा नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

गावातील रुग्ण पुष्कळदा प्रथम दुकानाची पायरी चढतो. 'अंगठा पिकलाय, दोन गोळ्या द्या' असे म्हणणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : साखर आहे का, विडी-तंबाखू आहे का, पाय बधिर वाटतो का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' आल्यास मलमाची ट्यूब न देता त्यास वैद्याकडे वा डॉक्टरांकडे धाडावे. शेड्यूल एचमधील प्रतिजैविके चिठ्ठीविना देणे कायद्यास धरून नाही. शिवाय दोन दिवसांच्या गोळ्यांनी ताप दबतो आणि आत हाड कुजत राहते.

नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत, शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात, एवढे चार शब्द प्रत्येक रुग्णास सांगावेत. अंगठ्याचे नख पूर्ण नव्याने येण्यास १२ ते १८ महिने लागतात, हेही सांगावे, म्हणजे तो मधेच उपचार सोडणार नाही. येत्या रोपलावणीपूर्वी सभासदांनी आपापल्या गावी मधुमेहींच्या पायांची तपासणी हाती घ्यावी, ही विनंती.