शुगर एवढ्या उड्या का मारते? डायबेटिसचे पहिले दोन महिने

हा भाग रेकॉर्ड करायला मी तीनदा बसले आणि दोनदा उठून गेले. एरवी आपण इथे दुसऱ्यांच्या गोष्टी उलगडून बघतो, आजची गोष्ट माझी आहे. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळले तेवढं काढून टाकलंय.

फेब्रुवारीत ऑफिसने सगळ्यांचं हेल्थ चेकअप केलं. रिपोर्टची पीडीएफ मी ठाणे स्टेशनच्या पुलावर उघडली. उपाशीपोटीची शुगर २१४, एचबीएवनसी ९.८. वय २९, वजन ५६ किलो. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट आलाय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन परत रक्त दिलं. तिथे २०८.

आधी या आकड्यांचा अर्थ. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर, नाहीतर एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा वर आलं की डायबेटिस म्हणतात. काही त्रास होत नसेल तर दुसऱ्या तपासणीत तेच दिसल्यावर नक्की करतात. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं माप. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. माझ्या ९.८ चा अर्थ, सरासरी शुगर २३५ च्या आसपास. मुलींनो, एक गोष्ट इथेच सांगते. लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

"तू कुठे जाड आहेस, तुला कसं काय झालं?" हे वाक्य मी आतापर्यंत किमान वीस जणांकडून ऐकलंय. याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कधीच देऊन ठेवलंय. २००४ साली त्यांनी आणि डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, असा आपल्याकडच्या पुष्कळ जणांचा बांधा असतो. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज असा, की भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे. म्हणजे ठाण्याच्या पुलावर त्या क्षणी मी काही एकटी नव्हते. पण तेव्हा तसं वाटलं नाही, हे खरं.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी दिली आणि ग्लुकोमीटर घ्यायला सांगितलं. खरी गंमत तिथून सुरू झाली. पहिल्या आठवड्यातली माझी वही बघा. सोमवारी सकाळी १८८. मंगळवारी सकाळी १६१, पोह्यांनंतर २८६. बुधवारी रात्री फक्त वाटीभर मुगाचं वरण पिऊन झोपले, सकाळी १९४! गुरुवारी ऑफिसात प्रेझेंटेशनच्या आधी, पोटात काही नसताना, २१०. मी रडकुंडीला आले. खाल्लं तरी वाढते, नाही खाल्लं तरी वाढते.

तर हे का होतं? पहिलं कारण यंत्र. चांगल्या मीटरकडूनही अपेक्षा एवढीच असते, की १०० च्या वरच्या शुगरला शंभरातली पंचाण्णव मापं १५ टक्के इकडे-तिकडे बसावीत. म्हणजे रक्तात खरोखर २०० असेल तर मीटर १७० पण दाखवू शकतो, २३० पण. त्यामुळे "काल १९८ होती, आज २१४, वाढली!" यात घाबरण्यासारखं काही नाही, ते दोन्ही एकच समजा. शिवाय हात. आंबा कापून, बोटं नुसती पुसून टोचलंत तर मीटर बोटावरचा आंबा मोजतो. साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं.

दुसरं कारण यकृत, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती बुधवारची रात्र मी व्यवस्थित जेवले असते. आपण झोपतो तेव्हाही मेंदूला साखर लागते. ती यकृत रात्रभर थोडी थोडी रक्तात सोडत असतं. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात आणि यकृत हात जरा सैल सोडतं. इन्सुलिन नीट काम करत असेल तर ते लगेच आवर घालतं. आपल्याकडे तो आवर सुटलेला असतो. म्हणून रात्री कमी जेवूनही सकाळचा आकडा चढा दिसतो. प्रेझेंटेशनच्या आधीचे २१० हेही तसंच, ताणात अ‍ॅड्रेनालिन यकृताला साखर सोडायला लावतं. ताप आला, झोप झाली नाही, अंगदुखीसाठी स्टेरॉइड घेतलं, तरी शुगर वर जाते. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस पुष्कळ जणींची शुगर चढते. माझी चढतेच, आता वहीत मी त्या तारखांना टिंब करून ठेवते.

मला हे माहीत नव्हतं, म्हणून मी एक वेडेपणा केला. तो सांगण्यासाठीच खरं तर हा भाग.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री जेवणानंतर २९१ आली. ठरवलं, उद्या खायचंच नाही. सकाळी गोळी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे पक्कं डोक्यात होतं. दिवसभर ताक आणि काकडी. संध्याकाळी ठाण्याहून लेडीज डब्यात चढले. मुंब्रा गेलं असेल, हात थरथरायला लागले, दरदरून घाम, छातीत धडधड, समोरच्या बाईचा चेहरा पुसट. मला वाटलं गर्दीने होतंय. क्लिपा-पिना विकणाऱ्या मावशी समोर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "शुगर आहे का गं तुला?" मी मान हलवली. त्यांनी आपल्या पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढल्या आणि मूठभर माझ्या हातात कोंबल्या. "चावून खा, चघळत बसू नको." डोंबिवलीला उतरून बाकड्यावर बसले, मोजली तर ६२. ती गोळ्या खाल्ल्यानंतरची. ज्यूसचा छोटा पुडा घेतला, पंधरा मिनिटांनी ९६. मग घरी जाऊन जेवले.

७० च्या खाली गेली की त्याला हायपो म्हणतात, आणि ५४ च्या खाली गेली तर ती तातडीची गोष्ट असते. डायबेटिस म्हणजे वाढलेली साखर एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण त्या पहिल्या महिन्यात माझा जीव जास्त आकड्याने नाही, कमी आकड्याने धोक्यात आला होता. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ते तिला कळत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: माझ्या गोळीने शुगर खाली जाऊ शकते का? आणि उपवासाच्या दिवशी मी काय करू? संकष्टी, एकादशी, नवरात्र, रोजे, काहीही असो, हा प्रश्न आधी विचारायचा. डोस आपल्या मनाने बदलायचा नाही.

हायपो झालं तर साधारण १५ ग्रॅम साखर पटकन पोटात जायला हवी: चहाचे तीन चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा ग्लास गोड ज्यूस, किंवा चार-पाच लिमलेट. पंधरा मिनिटं थांबून परत मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. नंतर व्यवस्थित जेवा, कारण गोळीचा असर चालूच असतो. चॉकलेट, चिक्की यावर भिस्त ठेवू नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

याचीच एक विचित्र बहीण आहे. महिनाभराने माझी शुगर उतरायला लागली तेव्हा ११८ असतानाही तसंच थरथरायचं. शरीराला महिनोन् महिने २३५ ची सवय लागलेली, त्याला ११८ म्हणजे दुष्काळ वाटतो. अशा वेळी आधी मोजा. मी दोनदा न मोजता साखर खाल्ली आणि मग २४० बघून कपाळाला हात लावला. काही आठवड्यांत ते आपोआप थांबतं. तसंच डोळ्यांचं. शुगर झपाट्याने बदलली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो आणि धूसर दिसतं. मी घाईघाईत २,८०० रुपयांचा नवा चष्मा केला. दीड महिन्यात जुना नंबर परत आला. नवा चष्मा ड्रॉवरमध्ये पडलाय. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र लगेच करून घ्या, चष्म्याच्या नंबराला थोडं थांबा.

आता त्या वहीचं काय करायचं? एक स्ट्रिप वीस-पंचवीस रुपयांना पडते. घाबरून दिवसात आठ वेळा टोचण्यात पैसेही जातात आणि बोटंही. मला उपयोग झाला तो जोडीने मोजण्याचा. एका जेवणाच्या आधी एक आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरी. मग त्या आकड्यांना काही अर्थ येतो, कारण तुम्ही त्यांना एक प्रश्न विचारलेला असतो. माझा पहिला प्रश्न पोह्यांचा होता. नुसते पोहे, एक मोठी डिश: १४८ ची २६२. पुढच्या आठवड्यात अर्धी डिश पोहे, पण आधी वाटीभर मटकीची उसळ आणि एक अंडं, नंतर गच्चीवर बारा मिनिटं फेऱ्या: १५२ ची १९६. म्हणजे पोहे सोडायची गरज नव्हती. भाजी, कडधान्य, अंडं किंवा मासे आधी आणि भात-पोळी नंतर खाल्ली की साखर सावकाश चढते, आणि चालताना स्नायू ती उचलतात. साबुदाण्याला मात्र मी हरले, तो जवळजवळ नुसता स्टार्चच. गुळाबद्दल वाद घालणाऱ्या काकूंना मी आकडा दाखवते, बोलत नाही.

बहुतेक मोठ्या माणसांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. तुमचं वेगळं असू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. तिथे पहिल्या आठवड्यात पोचायचं नसतं.

अजून एक गोष्ट विचारून घ्या. तिशीच्या आतबाहेर निदान झालं तर हा टाइप २ च आहे का? माझ्या डॉक्टरांनी सी-पेप्टाइड आणि गॅड अँटिबॉडी या तपासण्या केल्या आणि मगच टाइप २ म्हणाले. टाइप १ कुठल्याही वयात होऊ शकतो आणि त्याला गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिनच लागतं. वजन भराभर उतरतंय, सारखी तहान, सारखी लघवी, आणि त्यात उलट्या, पोटात दुखणं, धाप, श्वासाला फळासारखा वास, असं असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

घरचं सांगायचं तर आईने पहिल्या दिवशी रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कोणाला सांगू नकोस, स्थळं येतायत." मी महिनाभर गप्प राहिले. डब्याच्या पिशवीत मीटर लपवून, ऑफिसच्या बाथरूममध्ये बोट टोचत. त्या दिवशी लोकलमध्ये माझ्या शेजारी माझी रोजची मैत्रीण उभी होती. तिला काहीच माहीत नव्हतं. ओळख ना पाळख असलेल्या मावशींना कळलं, कारण त्यांना स्वतःला अकरा वर्षं शुगर आहे. घरी येऊन हे आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून माझ्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात साखरेची पुडी ठेवली. स्थळांचा विषय अजून मिटलेला नाही. पण आता पत्रिकेआधी शुगरचं सांगायचं, एवढं आमच्यात ठरलंय. पुढे मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच शुगर आटोक्यात आणावी लागते. ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्यापासून हे लपवून कसं चालेल?

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.१ आलं आहे. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली, मेटफॉर्मिन चालू आहे. मावशी मला अजून अधूनमधून ६.४० च्या लोकलला भेटतात. त्यांच्याकडून घेतलेल्या क्लिपा आता घरात सतरा झाल्या आहेत.

तुमच्या वहीतले चक्रावणारे आकडे व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात हाताला चिकटवायच्या सेन्सरबद्दल बोलू. त्या हातावर झोपलं की तो मध्यरात्री शुगर कमी झाल्याची खोटी बोंब का मारतो, तिथूनच सुरू करू.