वर्गातली बँक: पैसा लुटुपुटूचा, हिशेब खरा

छत्रपती संभाजीनगरातल्या कॉलेजांतल्या सर-मॅडमनो, फिनटेक शिकवायचंय? मग स्लाइड्स बाजूला ठेवा आणि पोरांकडून बँकच बांधून घ्या. शाळेतली संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक, आठवते ना? तीच, फक्त पैसे खोटे. अपाची फिनेरॅक्ट हे बँकिंग सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण पहिलं लेजर हातानं लिहू द्या. कॉमर्सवाले सोबत हवेतच. ठेव म्हणजे बँकेचं देणं, हे कोडवाल्यांच्या लवकर पचनी पडत नाही!

खरी गंमत बिघाडात. सीमाने रवीला ५०० रुपये पाठवले, तिच्या खात्यातून वजा झाले, तेवढ्यात सर्व्हर बंद पाडा. आता पैसे कुठे आहेत? तिने पुन्हा बटण दाबलं तर दोनदा कापले जाऊ नयेत, म्हणून दोन्ही वेळी तोच व्यवहार क्रमांक जायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाने यूपीआयची अशी अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी; नंतर रोज १०० रुपये भरपाई. हाच नियम पोरांनी कोडमध्ये उतरवायचा. आणि हो, रक्कम रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकातच साठवा. दशांशात घोळ होतो.

मग पोरांना खरी बँकही दाखवा: महाराष्ट्र ग्रामीण बँकेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. भेटीच्या परवानगीचं पत्र याच आठवड्यात टाका.