स्त्रियांचे अवजार आणि देहमान

कुकडीकाठचे ओझर हे गाव विघ्नेश्वराच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. त्याच्या परिसरातील बागायती शेतांत ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे ही पिके घेतली जातात. फावडे, कुदळ व पाठीवरचा फवारणीचा पंप ही पुरुषांची अवजारे, तर खुरपे हे प्रामुख्याने स्त्रियांचे, अशी विभागणी या शेतांत सामान्यतः आढळते. हा भेद देहरचनेतून उद्भवला की श्रमविभागणीतून, हे पाहणे उद्बोधक ठरते.

तुलनेसाठी गोल्फच्या खेळाचे उदाहरण घेता येईल. स्त्रियांसाठी म्हणून विकली जाणारी गोल्फची काठी पुरुषांच्या काठीहून सुमारे एक इंच आखूड, वजनाने हलकी व मुठीस बारीक असते; तिचा दांडाही अधिक लवचीक असतो. काठी मंद वेगाने फिरत असल्यास ताठ दांडा पुरेसा वाकत नाही, हे या लवचीकपणाचे कारण होय. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भालाफेकीत पुरुषांचा भाला किमान ८०० ग्रॅम व स्त्रियांचा ६०० ग्रॅम असावा, असा नियमच आहे. गोल्फच्या नियमांत मात्र स्त्रियांची काठी अशी वेगळी जात नाही. हा भेद केवळ सरासरीवर आधारलेला आहे. म्हणून उंच व बलवान स्त्रीस 'पुरुषांची' काठी आणि ठेंगण्या पुरुषास 'स्त्रियांची' काठी अधिक योग्य ठरू शकते.

हीच कसोटी शेतीच्या अवजारांस लावली असता चित्र निराळे दिसते. खुरप्याचा दांडा आखूड आहे तो स्त्रीची उंची कमी म्हणून नव्हे, तर काम बसून करावयाचे म्हणून. तासन् तास उकिडवे बसणे स्त्री वा पुरुष कोणाच्याही गुडघ्यांस व कमरेस मानवत नाही. तात्पर्य, गोल्फमध्ये स्त्रीसाठी काठी आखूड करावी लागते, तर खुरपणीत दांडा लांब करण्याची गरज आहे. उभ्याने चालविण्याचे चाकाचे हातकोळपे हा त्यावरील एक उपाय होय. तथापि त्याची मूठ एकाच उंचीवर पक्की बसविलेली असल्यास बुटक्या स्त्रीचे हात कोपराच्या वर उचलले जातात व जोर वाया जातो. मूठ वरखाली करण्याची सोय असल्यास हा दोष टळतो. कांद्याच्या १५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत मात्र कोळपे सहज फिरत नाही. तेथे खुरप्यास पर्याय शोधणे अद्याप अवघड आहे.

वजनाचा विचार करता, १६ लिटरच्या पंपातील केवळ पाणीच १६ किलो भरते. ४५ किलो वजनाच्या स्त्रीस हा भार देहभाराच्या एक-तृतीयांशाहून अधिक होतो. टाकीचे वजन निराळेच. मुठीची गोष्टही अशीच आहे. मूठ फार जाड असल्यास पकड सुटते, फार बारीक असल्यास दाब तळहातावर एकवटून घट्टे पडतात. बोटे वळविली असता अंगठा तर्जनीस सहज टेकावा, हे व्यवहारातले सोपे माप होय.

भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने २००९ साली भारतीय शेतकामगारांची देहमापे व बलमापे संग्रहरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत स्त्रियांच्या मापांचाही समावेश आहे. म्हणजे आधारसामग्रीची उणीव राहिलेली नाही. गावचा लोहार व सुतार गिऱ्हाइकाचा हात पाहून दांडा बसवीत असे. कारखान्यातील एकाच मापाच्या अवजारात ती सोय उरली नाही. पुरुषांचे अवजार लहान करून ते स्त्रियांचे म्हणविणे पुरेसे नाही. आधी काम कोणत्या आसनात व्हावे हे ठरवावे, नंतर ते करणाऱ्या देहाचे माप घ्यावे, आणि मगच अवजार घडवावे, हाच क्रम शास्त्रशुद्ध होय.