जागा कशी मोकळी करावी?

स्नेहसंमेलनाचे चित्रण संगणकावर जुळवीत असता 'जागा शिल्लक नाही' अशी सूचना पडद्यावर उमटते. अशा वेळी काय पुसावे?

प्रोजेक्टच्या फाइलीत बहुधा चित्रे नसतातच. कोणता तुकडा कोठे कापावा, कोणामागे जोडावा, एवढ्याच आज्ञा तीत असतात. शिंप्याच्या वहीत मापे असतात, कापड नसते, तसेच हे होय. ती पुसून जागा फारशी सुटत नाही. श्रम मात्र वाया जातात.

जागा अडवितात त्या रेंडर फाइली. काम अडखळल्यावाचून दिसावे म्हणून संगणकच त्या तयार करतो. त्या खुशाल पुसाव्यात. लागल्यास तो पुन्हा करील.

मूळ चित्रण मात्र पुन्हा होत नाही. १९६९ साली मानव चंद्रावर उतरला, त्या प्रसंगाच्या मूळ चुंबकीय फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासा या अमेरिकन संस्थेने २००९ साली सांगितले. दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या प्रती तेवढ्या उरल्या. त्या मुळाइतक्या स्पष्ट नाहीत.

म्हणून मूळ चित्रण आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवावे, तेथे ते उघडून पाहावे आणि मगच पहिले पुसावे. पुसलेली फाइल काही काळ कचरापेटीत पडून असते. ती पेटी रिकामी केल्यावरच जागा सुटते.