पहिले सिझर, पुढचे बाळंतपण



शेतकी खात्यातल्या माणसाने बाळंतपणावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण लागणीच्या नोंदी घेत गटागटांत फिरताना बांधावर घरची बोलणीही निघतात, आणि हल्ली त्यांत एक प्रश्न हमखास असतो : "साहेब, सुनेचं पहिलं सिझर झालंय, पुढचं कसं?" डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते देतो.

सिझरनंतर कूस बंद होते हे खरे नाही. काहींना दिवस राहायला थोडा उशीर लागतो, इतकेच. खरा धोका घाईचा. वरचे टाके सुकले तरी पिशवीची जखम आतून पक्की व्हायला वेळ लागतो. पुढचे दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आडसाली उसाला आपण सोळा-अठरा महिने थांबतो. पहिली मुलगी झाली म्हणून वर्षाच्या आत दुसऱ्याची घाई करणारी घरे मात्र मी पाहिली आहेत. हे मला पटत नाही. सासूबाईंनी रागवायचे तर रागवावे. अंगावर पाजते, पाळी आलेली नाही, या भरवशावरही राहू नये. तांबी बसवता येते.

एकदा सिझर की कायम सिझर, हा दंडक न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली मांडला. तेव्हा पिशवीला उभा छेद घेत. आता बहुधा खाली आडवा घेतात. असे एकच सिझर झालेल्या आणि डॉक्टरांनी योग्य ठरवलेल्या बायांपैकी साधारण चारांत तिघी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. टाका उकलण्याचा धोका दोनशेत एखादीला. पण ज्या घरी घडतो तिथे आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेतते. म्हणून ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असेल तिथेच बाळंतपण करावे, घरी नव्हे.

आतला छेद कसा आहे हे पोटावरच्या व्रणावरून कळत नाही. त्यासाठी दवाखान्याचे कागद लागतात. शेअर सर्टिफिकेट ठेवता त्याच ट्रंकेत ते ठेवा. वार जुन्या टाक्यावर तर नाही ना, हेही सोनोग्राफीत विचारून घ्यावे.

तोडणी टोळीतल्या बायांचे कागद गावीच राहतात. मुकादमाला आताच सांगून ठेवा. फडात कुणा गरोदर बाईला टाक्याशी दुखू लागले, अंगावरून रक्त गेले, तर रिकाम्या ट्रॉलीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि आधीच्या सिझरचे पहिल्यांदा सांगा.